उन्हाळा आला की तापमानाचा लाल दिवा परत लागतो: कुठून तपासायचं, कुठे थांबायचं

मार्च संपता संपता नागपुरात एक तक्रार सुरू होते आणि मृग लागेपर्यंत थांबत नाही. सकाळी गाडी छान चालते. दुपारी एसी लावून व्हरायटी चौकात दोन-तीन सिग्नल सुटेपर्यंत उभं राहिलं की काटा वर सरकतो, एसीची हवा कोमट होते आणि लाटांवर उभ्या थर्मामीटरचं लाल चित्र पेटतं. गॅरेजमध्ये पाणी भरून मिळतं, चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग पाऊस येतो, दिवा लागायचा आपोआप थांबतो आणि सगळे समजतात गाडी दुरुस्त झाली. गाडी तशीच असते. बाहेरची हवा गार झालेली असते, एवढंच.

हिशोब साधा आहे. रेडिएटर म्हणजे इंजिनाची उष्णता हवेत सोडणारी पुढची जाळी. तिच्यातलं कूलंट (इंजिनातून फिरून त्याला गार ठेवणारं द्रव) ९५ अंशांवर आणि जानेवारीतली दुपार २८ अंशांवर असेल, तर दोघांत ६७ अंशांचा फरक. मे महिन्यात ४६ अंशांत हाच फरक ४९ वर येतो. रेडिएटर उष्णता फेकतो ती या फरकाच्या जोरावर, म्हणजे तोच रेडिएटर मे महिन्यात सुमारे पाव हिस्सा कमी काम करतो. वर एसी लावला की रेडिएटरच्या पुढ्यात बसलेला एसीचा कंडेन्सर आपली उष्णता त्याच हवेत सोडतो. हिवाळ्यात पाव रेडिएटर चोंदलेला असला तरी कळत नाही. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक नऊ दिवसांत, मात्र लपायला जागा उरत नाही. त्यामुळे दिवा बंद झाला की विसरून जाण्यापेक्षा तो चालू असतानाच कारण शोधलेलं बरं. पावसाळ्यात ते सापडणार नाही.

लक्षणं: किती तापते ते नंतर, केव्हा तापते ते आधी

गॅरेजमध्ये "गाडी हीट मारते" एवढंच सांगितलं की मेकॅनिक अंदाजाने पार्ट बदलत सुटतो. त्याऐवजी पुढच्यापैकी काय होतंय ते दोन-तीन दिवस बघून ठेवा. अर्धं निदान तिथेच होतं.

- उभ्या गाडीत तापते, चालायला लागली की काटा खाली येतो: वारा कमी पडतोय. पंखा, त्याचा रिले (पंख्याला वीज देणारा छोटा स्विच), किंवा समोरची जाळी धुळीने बसलेली.
- शहरात ठीक, पण समृद्धीवर १०० च्या पुढे किंवा चढावर तापते: वारा भरपूर आहे, कूलंट पुरेसं फिरत नाही. रेडिएटर आतून चोंदलेला, थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अर्धाच उघडणारा, किंवा वॉटर पंप थकलेला.
- फक्त एसी लावल्यावर तापते: कंडेन्सर घाण झालाय, किंवा पंख्याचा मोठा वेग गेलाय.
- काटा चढायच्या आधीच एसी गार हवा देणं सोडतो: बऱ्याच गाड्यांत इंजिनाचा कंट्रोलर तापमान वाढलं की कंप्रेसर स्वतःच बंद करतो. लोक इथे एसीचा गॅस भरून घेतात आणि पैसे वाया घालवतात.
- गाडी "पाणी खाते", पण खाली थेंब दिसत नाही: झाकण खराब, हीटरमध्ये आतल्या आत गळती, नाहीतर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधली सील) फुटलेलं.
- इंजिन तापलंय, पण हीटर लावला तर थंड हवा येते: सिस्टीममध्ये कूलंटच नाही, हवा अडकलीय किंवा पंप फिरत नाही. हे गंभीर लक्षण आहे, गाडी पुढे नेऊ नका.
- थंड इंजिन सुरू करताच पंखा पूर्ण वेगाने ओरडतो: तापमान सेन्सर किंवा त्याची वायर तुटलेली. सेन्सरकडून काही कळेनासं झालं की अनेक गाड्यांचा कंट्रोलर सावधगिरी म्हणून पंखा सतत चालवतो.

काट्यावर फार विसंबू नका. अनेक गाड्यांत तो मुद्दाम असा बांधलेला असतो की साधारण ८० ते १०५ अंशांपर्यंत मध्यावर जागचा हलत नाही, नाहीतर ग्राहक रोज तक्रार घेऊन आले असते. म्हणजे काटा हलताना दिसला तेव्हा बरंच काही आधीच घडून गेलेलं असतं. ज्या छोट्या गाड्यांत काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा आहे, तिथे तर लाल हाच पहिला आणि शेवटचा निरोप.

दिवा लागला त्या वेळी काय करायचं

काटा चढतोय पण लाल दिवा अजून लागलेला नाही, वाफही नाही, अशी वेळ असेल तर एसी बंद करा, काचा उघडा आणि हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवा. मे महिन्यात हे ऐकायलाच नको वाटतं, पण हीटर म्हणजे केबिनमध्ये बसवलेला दुसरा छोटा रेडिएटर. इंजिनाची काही उष्णता त्या वाटेने निघते. पायाला चटका बसेल, इंजिन वाचेल.

लाल दिवा लागलाच तर मात्र "पुढच्या चौकापर्यंत नेतो" हा विचार सोडा. इंडिकेटर देऊन डावीकडे सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा. वाफ नसेल तर चावी पुन्हा फक्त 'ऑन'वर ठेवा, इंजिन सुरू करू नका. बऱ्याच गाड्यांत पंखा फिरत राहतो. वाफ दिसत असेल तर बॉनेट लगेच उघडू नका. माणसं गाडीबाहेर, सावलीत. बंद गाडीत लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बसवून ठेवणं इंजिनापेक्षा मोठा धोका. हायवेवर असाल तर सगळ्यांनी कठड्याच्या पलीकडे उभं राहावं आणि लाल त्रिकोण गाडीमागे किमान शंभर पावलांवर ठेवावा. वर्धा रोड, जबलपूर रोड, भंडारा रोड हे राष्ट्रीय महामार्ग आहेत, तिथे मदतीसाठी १०३३.

रेडिएटरचं किंवा टाकीचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. उन्हाळ्यात अर्धा तास पुरत नाही, तासभर लागतो. सिस्टीममध्ये साधारण १ बार दाब असतो आणि त्या दाबामुळेच आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. हात आणि चेहरा भाजण्याच्या घटना याच एका कृतीतून होतात. तापलेल्या इंजिनावर किंवा आत थंड पाणी ओतणंही तितकंच वाईट. अॅल्युमिनियमचं हेड एका बाजूने आखडतं आणि वाकतं किंवा तडकतं.

अजून एक फसवणूक इथेच होते. काटा लालमध्ये जाऊन अचानक खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. कूलंट पूर्ण सांडलं असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि तो मोजत असतो हवा. काटा खाली, इंजिन मात्र आतून पेटलेलं.

तापमानाच्या लाल दिव्यासोबत बॅटरीचाही दिवा लागला, तर बाहेरचा बेल्ट तुटलेला असण्याची शक्यता फार. अनेक इंजिनांत त्याच बेल्टवर अल्टरनेटर आणि वॉटर पंप दोन्ही फिरतात. अशी गाडी एक किलोमीटरही चालवायची नाही. तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला तर एक मीटरही नाही.

तपासणी: आधी फुकटची कामं

पुढचं सगळं रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर, सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना आणि चावी काढून करायचं. चावी यासाठी, की इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो आणि त्याची पाती बोटं बघत नाहीत.

टाकीतली पातळी. 'मिन' आणि 'मॅक्स' रेघांच्या मध्ये कूलंट हवं. इथे एक बारकावा आहे, तो बहुतेकांना माहीत नसतो. टाक्या दोन प्रकारच्या. एकीत दाब असतो, तिचं झाकण जाड आणि आट्यांचं, त्यावर इशारा छापलेला. तिथे दिसतं तेच खरं. दुसरी साधी बाटली, दाब नसलेली, आणि दाबाचं झाकण वेगळं रेडिएटरवर. या दुसऱ्या प्रकारात बाटली काठोकाठ भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असं सर्रास असतं. इंजिन थंड होताना रेडिएटरने बाटलीतून कूलंट परत ओढायचं असतं. झाकणाचं रबर कडक झालं किंवा मधल्या बारीक पाइपला चीर गेली की तो कूलंटऐवजी हवा ओढतो. म्हणून अशा गाडीत थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत बघायचं. कूलंट गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे.

रंगही बघा. गढूळ तपकिरी म्हणजे गंज. वर तेलाचे तवंग किंवा चहाच्या सायीसारखं काही दिसलं तर पुढची एकही तपासणी करू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा.

गळती. रात्री इंजिनाखाली जुन्या पुठ्ठ्याचा तुकडा टाका. एसीचं पाणी नितळ, बिनवासाचं असतं आणि पुढच्या सीटच्या पायांखालच्या अंगाला पडतं. कूलंट रंगीत, बोटाला चिकट, गोडसर वासाचं. होज पाइपच्या टोकांना, क्लॅम्पभोवती सुकलेली पांढरी-हिरवी पूड दिसली तर गळती तिथलीच. इंजिन तापलं की थेंब जागीच वाळतो, म्हणून खाली काही पडत नाही. डावीकडच्या पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं आणि काचेवर आतून चिकट वाफ असेल तर हीटरची जाळी फुटलीय. गॅस किट असलेल्या गाडीत रेड्युसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) गरम ठेवायला कूलंटचे दोन पाइप जोडलेले असतात, ते जोड विसरू नका. सांडलेलं कूलंट पाण्याने धुऊन टाका. त्यातलं ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड, मोहल्ल्यातली कुत्री ते चाटतात.

समोरची जाळी. बंपरच्या फटीतून टॉर्च मारा. आधी कंडेन्सर दिसतो, त्यामागे रेडिएटर, आणि मधल्या बोटभर फटीत खरा मालमसाला: किडे, कापूस, प्लास्टिकच्या पिशव्या, उमरेड रोडची कोळशाची धूळ, कोराडी-खापरखेड्याची राख. समोरून स्वच्छ दिसणारी गाडी त्या फटीत पूर्ण बंद असू शकते. धुताना साधा बागेचा पाइप, शक्य तिथे इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, म्हणजे कचरा आला त्या वाटेने परत जातो. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळ नेऊ नका. अॅल्युमिनियमची पातळ पाती एका फटक्यात आडवी होतात आणि मग वारा कायमचाच अडतो. धुवायला बंपर काढावा लागला तर ते काम वर्षातून एकदा, मार्चमध्ये, करून घ्यावं.

याच वेळी ग्रिलवर डासांची जाळी, जादा दिवे, रुंद गार्ड असं काही बसवलंय का बघा. ते वारा अडवतं. आणि बंपर कधी रंगवलेला किंवा बदललेला असेल तर रेडिएटरच्या कडेचे प्लास्टिकचे पडदे आणि इंजिनाखालचा ट्रे जागेवर आहेत का तेही. ते नसतील तर पंख्याने मागे फेकलेली तापलेली हवा खालून वळून पुन्हा पुढे येते आणि रेडिएटर तीच हवा परत परत पितो. डेंटिंगच्या कामात हे तुकडे हमखास गायब होतात, बिलात दिसत नाहीत.

पंखा. आता इंजिन सुरू करा आणि एसी लावा. बहुतेक गाड्यांत अर्ध्या मिनिटात पंखा फिरायला लागतो. कागदाचा एक ताव ग्रिलपाशी धरा. तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. उलटा उडाला तर मोटरच्या वायरी उलट जोडल्यात आणि पंखा वाऱ्याशी भांडतोय. असं दुरुस्तीनंतर घडतं.

पंखा फिरलाच नाही तर आधी फ्यूज, मग रिले. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. त्याच बॉक्समध्ये त्याच क्रमांकाचा दुसरा रिले असेल, तर थोडा वेळ अदलाबदल करून बघा. एक पैसा न घालवता निदान होतं. क्रमांक जुळत नसेल तर करू नका. जळालेल्या फ्यूजच्या जागी त्याच अँपिअरचा फ्यूज, मोठा नाही. मोठा घातला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल.

पंखा फिरतो पण सावकाश, किंवा काठीने हळूच ढोसल्यावर सुरू होतो, तर मोटरचे ब्रश संपलेत (हे ढोसणं चावी काढून, पात्याला हात न लावता; मग चावी लावून बघायचं). दोन वेगांच्या पंख्यात छोटा वेग एका रेझिस्टरवर चालतो. तो जळाला की पंखा मधल्या तापमानाला गप्प बसतो आणि फार तापल्यावर एकदम मोठ्याने सुटतो. ऐकून कळतं.

इथे गॅरेजची एक आवडती युक्ती येते: "पंखा डायरेक्ट करून देतो." चावी लावली की पंखा सुरू. रिले आणि योग्य जाडीची वायर न घालता हे केलं तर चावीचा स्विच तापतो, वायरिंग वितळतं, आणि मूळ बिघाड झाकला जातो. गावाबाहेर अडकलात तर घरी पोचण्यापुरतं ठीक. त्यावर उन्हाळा काढू नका.

थोड्या पैशाची कामं

झाकण. सिस्टीममधला सगळ्यात स्वस्त पार्ट आणि सगळ्यात दुर्लक्षित. त्यावर ०.९, १.१ किंवा १.४ असा आकडा कोरलेला असतो, तो दाब बारमध्ये. नवं झाकण त्याच आकड्याचं घ्यायचं. कमी आकड्याचं घातलं तर कूलंट लवकर उकळून बाहेर येईल. जास्त आकड्याचं घातलं तर सगळ्यात कमजोर होज फुटेल. जुन्याचं रबर नखाने दाबून बघा, कडक किंवा चिरलेलं असेल तर बदला. इंजिन थंड झाल्यावर वरचा होज पाइप पिचकलेला दिसला, तर झाकणातला आत हवा घेणारा छोटा व्हॉल्व्ह अडकलाय. पाच वर्षांचं झालं असेल तर फार विचार न करता बदलावं.

सेन्सर खरं सांगतोय का. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लागणारा छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कंट्रोलरमधले आकडे वाचणारं यंत्र) आणि मोबाइल एवढं पुरतं. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळजवळ सारखं हवं. हवा ३० दाखवते आणि कूलंट ६० दाखवतं, तर गाडी तापत नाही, सेन्सर खोटं बोलतो. इन्फ्रारेड गन असेल तर इंजिन गरम झाल्यावर थर्मोस्टॅटच्या घरावर धरून आकडा जुळवता येतो. कोरोनात घेतलेली कपाळाची गन मात्र इथे कामाची नाही, तिचं माप ४२-४३ अंशांवरच संपतं.

कूलंट बदलणं. नागपुरात बर्फ पडत नाही तर कूलंट कशाला, साधं पाणी चालतं, हे वाक्य फार ऐकू येतं. आपल्यासाठी कूलंट पाणी गोठू नये म्हणून नाही, ते उकळू नये म्हणून आहे. वातावरणाच्या दाबाला निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साध्या पाण्यापेक्षा ६-७ अंश वर असतो, आणि झाकणाच्या दाबाने तो आणखी २० अंशांनी वर जातो. त्यातली रसायनं अॅल्युमिनियमला गंजू देत नाहीत. बोअरचं पाणी घातल्यावर काय होतं ते बघायला लांब जायची गरज नाही. गच्चीवरच्या कूलरच्या टाट्यांवर मे अखेरीस जो पांढरा दगडी थर बसतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये बसतो. फरक इतकाच की टाट्या दरवर्षी बदलता येतात.

छोट्या हॅचबॅकमध्ये साधारण ४ ते ५ लिटर मावतं, मोठ्या डिझेल गाडीत ७ लिटर किंवा अधिक. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात. कॅनवर 'प्रीमिक्स' लिहिलं असेल तर पाणी मिसळायचं नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं कॉन्सन्ट्रेट, निम्मं डिस्टिल्ड पाणी, बॅटरीत घालतात तेच. जास्त कॉन्सन्ट्रेट म्हणजे जास्त गार असं नसतं. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. रंग बघून दोन कूलंट मिसळू नका. हिरवा, लाल, निळा हे कंपन्यांच्या मर्जीचे रंग आहेत, रसायन वेगळं निघालं तर आत गाळ धरतो.

भरताना हवा काढणं हाच कळीचा भाग. गाडीचं नाक किंचित चढावर, हीटर पूर्ण गरमवर, एसी बंद. हळूहळू भरा, हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून बुडबुड्याविना धार येईपर्यंत उघडा ठेवा, मग बंद. झाकण लावून इंजिन आयडलवर, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत. वरचा आणि खालचा होज दोन्ही गरम झाले आणि हीटरमधून गरम हवा आली म्हणजे हवा निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी थोडी खाली गेलेली असेल, तेवढी भरा. हवा अडकली तर नवं कूलंट भरलेली गाडीसुद्धा तापते, आणि मग बिचाऱ्या वॉटर पंपावर आळ येतो.

थर्मोस्टॅट, आणि तो काढून टाकण्याची सवय

गाडी तापून काटा वर, वरचा होज चटका देणारा आणि खालचा थंड असेल तर थर्मोस्टॅट उघडत नाही, किंवा रेडिएटर आतून बंद आहे. तपासायला सोपं: बाहेर काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी आणि थर्मामीटरसोबत तापवा. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा छापलेला असतो, त्या अंशांना उघडायला सुरुवात झाली पाहिजे आणि उकळी फुटायच्या आत पूर्ण उघडला पाहिजे. बसवताना नवी सील, आणि छोटा हवेचा व्हॉल्व्ह असेल तर तो वरच्या बाजूला.

पण बऱ्याच ठिकाणी तपासत नाहीत, काढून फेकतात. "आपल्याकडच्या उन्हात याची गरज नाही." हा सल्ला जुन्या ट्रकांच्या काळातून चालत आलाय आणि आजच्या गाड्यांत नुकसान करतो. थर्मोस्टॅट नसला की इंजिन वेळेवर गरम होत नाही, कंट्रोलर जास्त पेट्रोल सोडत राहतो, मायलेज पडतं, इंजिन ऑइलमध्ये इंधन उतरतं आणि पिवळा चेक इंजिन दिवा लागतो. स्कॅनरवर पी ०१२८ हा कोड येतो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटच उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की अर्धं कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं, आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. तुमच्या गाडीचा काढलेला आहे का हे कळायला एक खूण आहे: थंड इंजिनाचा निळा दिवा. उन्हाळ्यात तो एक-दोन मिनिटांत विझतो. दहा मिनिटं चालवूनही विझत नसेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा जागेवर नाही. जुनी गाडी घेताना हे जरूर बघा.

इथून पुढे मेकॅनिक

बेल्ट ओरडतो, वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या छिद्रातून गळतं, पंपाच्या चाकाला हलवल्यावर ढिलेपणा लागतो: पंप बदलायचा. काही इंजिनांत तो टायमिंग बेल्टवर असतो, तिथे घरचा प्रयोग इंजिन घेऊन जाईल. टायमिंग बेल्टला हात लागलाच तर बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकत्र बदलावेत. मजुरी एकदाच लागते.

रेडिएटरवर इन्फ्रारेड गन फिरवताना मध्येच थंड पट्टे सापडले तर त्या नळ्या बंद आहेत. जुन्या तांबे-पितळी रेडिएटरला रॉडिंग (नळ्यांमध्ये सळई घालून साफ करणं) करता येतं. आजचे अॅल्युमिनियमचे, प्लास्टिकच्या टाक्यांचे रेडिएटर रॉडिंगला टिकत नाहीत, बदलावेच लागतात. गळती बंद करणारी पूड टाकू नका. ती गळती सोडून हीटरच्या नळ्या आधी बंद करते.

आणि पुढीलपैकी एक जरी दिसलं तर गाडी सुरूसुद्धा करू नका, उचलून न्या:

- ऑइल भरायच्या झाकणाखाली किंवा डिपस्टिकवर सायीसारखा पांढरट चिकटा. पावसाळ्यात फक्त झाकणाखाली थोडासा दमटपणामुळे येतो. डिपस्टिकवर आला तर हेड गॅस्केट.
- थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्याच मिनिटात वरचा होज दगडासारखा कडक, किंवा टाकीत अखंड बुडबुडे. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय.
- इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर.
- एकाच वेळी लिटरभरापेक्षा जास्त कूलंट गेलेलं.
- लाल दिव्यात गाडी चालवली गेली आणि नंतर इंजिन मिसिंग करतंय, ठोके येतायत किंवा सेल्फ नेहमीपेक्षा वेगळा फिरतोय.
- तापलेली गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक आहे. तिथे बऱ्याच गाड्यांत बॅटरीचंही कूलंट असतं आणि नारिंगी केबल उच्च व्होल्टेजची; बॉनेटखाली हात घालायचाच नाही.

ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढू नका, फ्लॅटबेड मागवा. इन्शुरन्ससोबत रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असतो आणि लोक तो विसरून ओळखीच्या जीपने गाडी ओढतात. लाल दिवा असताना चालवून झालेलं इंजिनाचं नुकसान बहुतेक साध्या पॉलिसी देत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

गॅरेजमध्ये हेड गॅस्केटचा संशय सांगितला तर खोलण्याआधी टाकीच्या तोंडावर धरायच्या निळ्या द्रवाची चाचणी करायला सांगा. जळालेला वायू असेल तर द्रव पिवळा पडतो. हेड उतरवलंच तर ते लेथवर नेऊन सरळपट्टीने वाक मोजायला, गरज असेल तर फेसिंग (घासून सपाट) करायला आणि तडा तपासायला सांगायचं. वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट बसवलं तर ते पुढच्या एप्रिलपर्यंत टिकतं. हेड बोल्ट पुस्तकात 'एकदाच वापरायचे' असे लिहिले असतील तर नवे, आणि जुनं गॅस्केट परत मागून घ्या. ते कोणत्या सिलिंडरपाशी जळलंय ते बघितलं की कूलंट कुठे अडत होतं याचा माग लागतो.